आपली तहान शेवटी का?



माझं गाव नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो, हातपंप नुसता वाजतो. पहाटे चारला गुंड घेऊन मी शेतातल्या विहिरीवर जाते. तीन खेपा होतात. आधी घरच्यांचं पिणं, मग बैलं, मग भांडी, कुरड्यांचा चीक. माझ्या वाट्याला तळ उरतो.

गेल्या उन्हाळ्यात चुलीपुढेच मला भोवळ आली. सासूबाईंनी विचारलं, "पानी कवा पेली होती वं?" मला आठवेना.

२०१९च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ९७. तरी कुणी विचारलं तर आपण म्हणतो, "मी घरीच असते."

त्या दिवसानंतर घरात भांडण झालं, पण ठरलं. एक खेप नवऱ्याने सायकलवर आणायची. पहिला पेला पाणी भरणारीचा. आता ग्रामसभेतही आम्ही मांडणार आहोत: टँकरची वेळ बायांना विचारून ठरवा.

तुमच्या घरी आज पहिला पेला कोण प्यालं? संध्याकाळी एकमेकींना विचारू या.