स्वागत आणि एक अर्ज



एका अंगाला समुद्र व चिकूच्या वाड्या आणि दुसऱ्या अंगाला वारल्यांचे डोंगरपाडे असलेल्या डहाणू-तलासरीच्या या मुलखात मी स्वागतसमितीच्या वतीने दूरदूरहून आलेल्या संशोधकांचे आणि आपणां सर्वांचे सहर्ष स्वागत करतो. राहण्याजेवण्याचा जो बंदोबस्त आम्हांला झेपला, तो गोड मानून घ्यावा.

कर्करोगाने मृत्यू ओढवतो तो बहुधा मूळ गाठीमुळे नव्हे, तर तिच्यातून सुटून फुप्फुसांत, यकृतात, अस्थींत ठाणे मांडणाऱ्या पेशींमुळे. त्यांची वाट अडविणाऱ्या रेणूंचा शोध हा आपल्या परिषदेचा विषय आहे. मातीतील जीवाणूंपासून जपानी संशोधकांना मिळालेल्या मायग्रास्टॅटिनची काटछाट करून रसायनशास्त्रज्ञ डॅनिशेफ्स्की यांच्या प्रयोगशाळेने जी सुटसुटीत रूपे रचली, ती पेशींचे स्थलांतर रोखण्यात मूळ रेणूपेक्षा कितीतरी प्रभावी ठरली. औषधाची मान्यता मात्र त्यांना अद्याप लाभलेली नाही. समुद्री स्पंजातील द्रव्यावरून रचलेले एरिब्युलिन 2010 साली अमेरिकेत पसरलेल्या स्तनकर्करोगासाठी मान्य झाले, हे समुद्रकाठच्या आम्हां लोकांना विशेष वाटते.

आपल्याच नंदुरबारात 1925 साली जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी यांनी मन्रो वॉल यांच्यासमवेत 1966 साली एका चिनी वृक्षातून कर्करोगविरोधी द्रव्य कॅम्प्टोथेसिन वेगळे केले आणि 1971 साली टॅक्सॉल या कर्करोगावरील औषधाची रचना उलगडली. पुढे 1972 साली रसायनशास्त्रज्ञ गोविंदाचारी व विश्वनाथन यांना तेच कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात आढळले. शास्त्राच्या दृष्टीने ही आनंदाची वार्ता होती. नरक्याच्या दृष्टीने ती फाशीची शिक्षा ठरली, कारण मागणी वाढताच व्यापाऱ्यांनी झाडेच्या झाडे मुळासकट उपटून नेली. म्हणूनच निसर्गाकडून केवळ आराखडा घेऊन रेणू प्रयोगशाळेत घडविण्याची आपली रीत मला रसायनाइतकीच न्यायाच्या दृष्टीनेही मोलाची वाटते.

येथील भगतांना, म्हणजे पाड्यांवरच्या वैदूंना, रानातील औषधींची जी जाण आहे, तिची नोंद अवश्य घ्यावी. तथापि पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीसारखी वनस्पती जीवही घेते, तेव्हा कोणा रुग्णाने इस्पितळाचे उपचार सोडून काढ्याच्या मागे लागू नये, हेही याच व्यासपीठावरून बजावले पाहिजे.

आमचा अर्ज एवढाच, की येथून एखादे पान किंवा एखादी माहिती नेताना 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार रीतसर परवानगी घ्यावी, गावच्या जैवविविधता समितीच्या दप्तरी त्याची नोंद करावी, आणि पुढे लाभ झाल्यास त्यातला हिस्सा पाड्यापर्यंत पोचवावा.