पानिपताने दोघांना काय शिकवले



संकटातून माणूस शहाणा होतो, असे आपण सहज म्हणतो. पण एकाच संकटातून गेलेली दोन माणसे दोन वेगळी शहाणपणे घेऊन का निघतात, याचा विचार करू.

14 जानेवारी 1761. पानिपतावर महादजी शिंदे होते आणि एकोणीस वर्षांचेही न झालेले नाना फडणवीसही होते. नाना वेष पालटून, पायी, उपाशी निसटले. त्यांची आई मात्र कायमची दुरावली. महादजींच्या पायावर पाठलाग करणाऱ्या अफगाण स्वाराने घाव घातला आणि अंगावरचे होते नव्हते ते लुटले. ते आयुष्यभर लंगडत राहिले. तो स्वार पुढेही स्वप्नात येई, असे ते सांगत.

दिवस एकच, दुःखही तोलामोलाचे. पण नाना पुढे सावध झाले. पुण्यात बसून, बातमीदारांच्या पत्रांवर नजर ठेवून, प्रत्येक माणूस पारखून त्यांनी राज्य सांभाळले. महादजी पुन्हा उत्तरेतच गेले. 1772 मध्ये त्यांनी शाह आलमला दिल्लीच्या तख्तावर आणून बसवले. पुढे कवायती पलटणी उभारल्या.

फरक कशाने पडला? स्वभावाने, हे खरेच. पण मला आणखी एक कारण दिसते. जखमी महादजींना रणातून उचलून नेले ते राणेखान नावाच्या भिस्त्याने, आपल्या पखालीच्या बैलावर घालून. महादजींनी त्याला भाऊ मानले, आणि ते नुसते बोलण्यापुरते नव्हते. 1788 मध्ये गुलाम कादिराच्या हातून दिल्ली सोडवायला गेलेल्या फौजेचे नेतृत्व याच राणेखानाकडे होते. माणसाची किंमत जातीवर, धर्मावर, हुद्द्यावर नसते, हे महादजींना कोणा ग्रंथाने सांगितले नव्हते. बीडच्या मन्सूर शाहांवर त्यांची श्रद्धा होती. इथे बाड्यावर, गोरखीत, त्या श्रद्धेचे स्थान आजही आहे.

नाना चुकले असे मला म्हणायचे नाही. त्यांच्या सावधपणाने पुण्याचा कारभार वर्षानुवर्षे तरला. मुद्दा एवढाच, की घाव आपल्याला काय शिकवतो हे घावावर ठरत नाही. त्या वेळी आपली नजर कशावर गेली, यावर ठरते.

आता आपले. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी इथे स्थिरावली, म्हणून हे लष्कर. आपले पूर्वज त्या छावणीबरोबर आणि तिच्या मागून आले. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले आणि अनेक घरांचा आधार गेला. आज मुले पुणे, बेंगळुरू, परदेश धरतात. वाड्यांना कुलपे लागतात. हे सगळे आपण मुलांना सांगतो, पण बहुतेक वेळा गमावल्याची गोष्ट म्हणून. मग मुलांना वारसा मिळतो तो हळहळीचा.

त्याच कथेत दुसरीही माणसे आहेत. उधारीवर धान्य देणारा दुकानदार, बाळंतपणाला धावून आलेली शेजारीण, फी भरणारे मास्तर. त्यातले कितीतरी मराठी नव्हते. त्यांची नावे घरातल्या वडीलधाऱ्यांनाच ठाऊक आहेत, आणि ती मंडळी थकत चालली आहेत.

या गणपतीत आरती झाल्यावर आजी-आजोबांना एवढेच विचारा: आपल्या घरचा राणेखान कोण? ते नाव वहीत लिहून ठेवा. त्यांचे वंशज गावात असतील, तर प्रसाद घेऊन त्यांच्याकडे जा.

गणपती बाप्पा मोरया!