सामाईक फोल्डर

आमच्या वसईच्या वाड्यांमध्ये सामाईक विहिरी असायच्या. पाणी सगळ्यांचं, पण रहाट कुणी कधी चालवायचा हे ठरलेलं. घरातल्या दोन संगणकांत एक फोल्डर सामाईक करताना हाच प्रश्न पुन्हा येतो.

माझ्या कविता माझ्या टेबलावरच्या संगणकात आणि त्या नीट लावणारी मुलगी पलीकडच्या खोलीत, लॅपटॉपवर. पेनड्राइव्ह फिरत होता तेव्हा एका कवितेच्या चार प्रती होत. खरी कोणती, यावर जेवताना वाद. आता दोन्ही यंत्रं एकाच राउटरवर आहेत. माझ्या फोल्डरवर उजवं क्लिक करून 'शेअरिंग'मध्ये तिचं नाव घातलं, की तो तिच्या पडद्यावर उघडतो. विंडोज सातबरोबर आलेली 'होमग्रुप'ची सोय २०१८ मध्ये विंडोज दहातून काढली गेली. तेव्हापासून नाव आणि पासवर्ड हाच सरळ रस्ता.

यंत्रं ज्या बोलीत हे बोलतात तिचं नाव एसएमबी. तिच्या एका मोफत अवताराचं नाव 'सांबा'. एस, एम, बी ही अक्षरं क्रमाने येणारा शब्द शब्दकोशात शोधताना ते सापडलं. यमक शोधणाऱ्याला हे ऐकून बरं वाटतं!

पण रहाटाची शिस्त हवी. दुसऱ्या यंत्रावरून पुसलेली फाइल सहसा कचरापेटीत जात नाही, थेट नाहीशी होते. म्हणून घरच्यांना वाचायचा हक्क, बदलायचा फक्त एकाला. बोलीची पहिली, जुनी आवृत्तीही बंदच ठेवावी. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' तिच्यातल्याच भगदाडातून एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप शिरत जगभर पसरला होता.

आणि सामाईक म्हणजे दुसरी प्रत नव्हे. माझा संगणक बंद, की फोल्डरही बंद. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार पाण्यात आणि अंधारात होतं, ते इथले लोक विसरलेले नाहीत. एक प्रत वेगळ्या डिस्कवर, उंच फळीवर हवी.

आमचं घोडं मात्र भलत्याच ठिकाणी अडलंय. अब्बांची उर्दू पत्रं स्कॅन केलेली, म्हणजे चित्रंच. ती कुठेही उघडतात. माझ्या मराठी कविता जुन्या फॉन्टमधल्या. तो फॉन्ट मुलीच्या यंत्रात नाही, म्हणून तिथे नुसती इंग्रजी चिन्हांची रांगोळी दिसते. फोल्डर सामाईक झाला, लिपी झाली नाही. आता रोज रात्री मी वाचून दाखवतो, ती युनिकोडमध्ये टाइप करते. साठेक कविता झाल्या. मध्येच ती विचारते, "अब्बा, ही ओळ अशीच ठेवायची का?"