सांडपाणी जाते कोठे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी मोरीच्या पाण्यावर बोलावयाचे म्हणजे आपणांस जरा विचित्रच वाटेल. पण आपल्या वस्तीत दोन शेजारणींचा अबोला होतो, तो बहुधा याच पाण्यावरून! एकीच्या मोरीचे पाणी दुसरीच्या अंगणात शिरते; दुसरी मातीचा बांध घालते; आणि तुंबलेल्या पाण्यावरचे डास मात्र दोघींच्याही घरी जातात. आपल्याकडे भुयारी गटार नाही. तेव्हा ही सोय आपणच लावली पाहिजे.

प्रथम हिशेब पाहू. माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले, तर पाच माणसांच्या घराला २७५ लिटर लागते. त्यातले सुमारे ८० टक्के, म्हणजे २२० लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडते. आपल्या आज्या मोरीच्या तोंडाशी अळू, केळ, कर्दळ लावीत, ती नुसती हौस नव्हती. माती आणि मुळे पाणी गाळतात व शोषतात. पण तेव्हा पाणी शेंदून आणावे लागे, म्हणून ते बेतानेच सांडे. नळ आला आणि अळूच्या वाफ्याला ते झेपेनासे झाले.

यावर उपाय शोषखड्ड्याचा. सुमारे एक मीटर लांब, रुंद व खोल असा खड्डा खणून तळाशी मोठे दगड आणि वर लहान खडी भरावी. खड्ड्यापूर्वी एक लहानशी कुंडी ठेवावी, म्हणजे खरकटे, तेलकटपणा व राख तिच्यात अडकते. ही कुंडी आठवड्याला साफ केली नाही, तर खड्डा लवकर बुजतो. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर असे खड्डे करून गटारे व डास हटविले, आणि तो मार्ग पुढे इतर गावांनी उचलला. मात्र एक लक्षात ठेवा. तुंबलेल्या घाण पाण्यावर हत्तीरोगाचा डास वाढतो. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवणीच्या पाण्यात होतो. म्हणून खड्डा केला तरी पिंप झाकलेच पाहिजे.

आता संडासाची टाकी. तिच्यात मैला तळाशी बसतो व जंतू तो हळूहळू कुजवितात. वरचे पाणी निवळ दिसले तरी ते शुद्ध नव्हे. रोगजंतू त्यात असतातच. ते शोषखड्ड्यातच सोडावे, आणि तो खड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर दूर असावा. फिनेल व ॲसिड भरमसाट ओतू नये. टाकीतले कामाचे जंतू त्याने मरतात.

येथे मला माझीच चूक सांगितली पाहिजे. आमच्या टाकीचा पाइप कित्येक वर्षे उघड्या गटारात सोडलेला होता. ते गटार ज्यांच्या विहिरीवरून जाते, त्या बाईंनी एके दिवशी मला बोलावून नुसती विहीर दाखविली. त्या रागावल्या नाहीत, म्हणूनच मला अधिक लाज वाटली. आमचे घर स्वच्छ होते ते त्यांच्या पाण्याच्या जिवावर! त्या पावसाळ्यापूर्वी आम्ही शोषखड्डा करून घेतला.

दुसरी गोष्ट टाकी उपसण्याची. दोन-तीन वर्षांनी गाळ काढलाच पाहिजे. साताऱ्याकडील वाई आणि नाशिककडील सिन्नर या गावांनी २०१८ पासून दर तीन वर्षांनी प्रत्येक घरची टाकी पाळीपाळीने उपसण्याची पद्धत घातली. आपण मात्र टाकी तुंबेपर्यंत थांबतो, आणि मग घाईघाईने कोणा गरिबाला आत उतरवितो. आतला वायू क्षणात माणसाचा जीव घेतो. २०१३ च्या कायद्याने अशा धोक्याच्या कामाला माणूस लावणे गुन्हा ठरविले आहे. पण कायदा नसता तरी, चार पैसे वाचविण्यासाठी कोणाच्या घरचा कर्ता माणूस आपण टाकीत उतरविणार आहोत काय? टाकी यंत्राच्या गाडीनेच उपसली जावी.

भगिनींनो, माझी विनंती एवढीच, की घरी गेल्यावर मोरीपासून निघून आपले पाणी शेवटी कोठे जाते, हे प्रत्येकीने स्वतः चालत जाऊन पाहावे. ते दुसरीच्या दारात थांबत असेल, तर पुढच्या वर्धापनदिनापर्यंत आपल्या दारातच मुरवावे. खड्डा खणण्यास दोघी शेजारणी मिळून लागल्या, तर अबोलाही त्याच खड्ड्यात मुरेल.