बांधावर अडुळसा लावा
(शेतकरी कार्यक्रमातील भाषण)



आज मी पिकाविषयी नाही, पिकाच्या कडेविषयी बोलणार आहे. माण, खटाव, सांगोला, आटपाडी, आष्टी, पाटोदा या भागांत माघ-फाल्गुनात फिरलं की बांध उघडे दिसतात. काही हिरवं उरलं असेल तर ते शेळ्यांच्या तोंडी जातं. मग दरवर्षी बोरी-बाभळी तोडायच्या आणि काट्यांचं कुंपण घालायचं. ते वर्षभरात वाळवी खाते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. झाडंही गेली आणि मजुरीही गेली.

यावर एक बिनपैशाचा उपाय तुमच्याच गावात, एखाद्या परसात किंवा देवळामागे उभा आहे. तो म्हणजे अडुळसा.

अडुळसा पुरुषभर किंवा थोडा जास्त उंच होतो आणि बारमाही हिरवा राहतो. पानाला उग्र वास आणि कडू चव असल्याने शेळी त्याला सहसा तोंड लावत नाही. एकदा मुळं खोल गेली की ५०० मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या मुलखातही तो वरच्या पाण्याशिवाय तग धरतो.

आता तुम्ही म्हणाल, नुसत्या कुंपणासाठी एवढं सांगायचं काय? तर खरा फायदा फुलांचा आहे. साधारण पौषापासून चैत्रापर्यंत अडुळशाला पांढऱ्या फुलांचे तुरे येतात. फुलाला दोन ओठ असतात आणि खालच्या ओठावर जांभळट रेघा असतात. उघड्या जबड्यासारखं ते दिसतं, म्हणून संस्कृतात याला सिंहास्य असंही नाव आहे. फुलाच्या तळाशी गोड रस असतो. लहानपणी तुम्हीही तो चोखला असेल.

या रसासाठी मोठे काळे भुंगे येतात, मधमाश्या येतात आणि शिंजीर येतो. शिंजीर म्हणजे सूर्यपक्षी. चिमणीहूनही लहान, बाकदार चोचीचा. विणीच्या दिवसांत नर उन्हात निळा-जांभळा चमकतो, मादी वरून मातकट आणि पोटाशी पिवळसर असते. पुस्तकातला हमिंगबर्ड तो हाच, असं काहींना वाटतं. तो पक्षी अमेरिका खंडातला, आपल्याकडे नाही. आपला शिंजीर रस पितो, पण पिल्लांना किडे आणि कोळी भरवतो. म्हणजे बांधावरच्या झुडपात त्याने घरटं केलं, तर तो तुमच्या शेतातले किडेही वेचतो.

माशीचं महत्त्व तर विचारू नका. कांद्याचं बी करणाऱ्यांना ते चांगलं ठाऊक आहे. गोंडे भरून फुलले, पण माशी फिरली नाही, तर बी भरत नाही. सूर्यफुलाचं तेच, करडईलाही माशीचा फायदा होतो. पण त्यांची फुलं महिनाभर असतात, आणि माशीला पोट बाराही महिने आहे. पीक फुलण्याआधी आणि फुलून गेल्यावर ती काय खाणार? शिवारात खायला नसेल तर फुलोरी आणि आग्या माशी पोळं सोडून निघून जाते. बांधावर अडुळसा फुललेला असेल, तर कोरड्या दिवसांत तिला आधार मिळतो. एकट्या अडुळशाने बी भरेल असं मी म्हणत नाही. पण माशी शिवारात टिकवायची तर तिच्या खाण्याची सोय हवी, एवढं नक्की.

आता लागवड कशी करायची ते ऐका. आधी माझीच चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका शेतकऱ्याला ३०० काड्या आणून दिल्या. झाड चिवट आहे, म्हणून काड्या दोन दिवस उन्हात पडल्या तरी मी काळजी केली नाही. लावल्या आणि पावसाने ओढ दिली. पोळ्यापर्यंत जेमतेम ६० जगल्या. तो शेतकरी म्हणाला, “साहेब, झाड चिवट आहे हे खरं, पण काडी म्हणजे झाड नव्हे.” ते मी विसरलो नाही.

म्हणून कोरडवाहू भागात काडी थेट बांधावर लावू नका. माघ-फाल्गुनात पक्क्या फांदीच्या, पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब काड्या घ्या. प्रत्येकीवर तीन-चार डोळे हवेत. खालचा काप तिरपा आणि वरचा सरळ घ्या, म्हणजे काडी उलटी लागणार नाही. कापल्यावर ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि त्याच दिवशी लावा. पॉलिथीनच्या पिशवीत माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत सारखं भरा, खाली भोकं पाडा, दोन डोळे मातीत जातील अशी काडी खोचा. पिशव्या सावलीत, मोरीजवळ ठेवा. साबण नसलेलं सांडपाणी चालतं. दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात.

मृगाचा पाऊस झाला आणि जमीन वीतभर ओली झाली की बांधाच्या खांद्यावर दीड-दीड फुटावर रोपं लावा. पाणी साचणाऱ्या जागी लावू नका, मुळं कुजतात. पिकाच्या पहिल्या तासापासून दोन हात अंतर सोडा. हिशेब सोपा आहे. चौकोनी एकराचे चारी बांध मिळून सुमारे ८३० फूट भरतात, म्हणजे साधारण ५५० रोपं. मर धरून ७०० काड्या करा. एवढं जमत नसेल तर पहिल्या वर्षी एकच बांध घ्या. शेजाऱ्याचा बांध सामाईक असेल तर आधी त्याला विचारा. कुंपणावरून भांडण नको.

पहिल्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी रोपाला तांब्याभर पाणी द्या आणि बुडाशी पालापाचोळा टाका. पहिली दोन वर्षं बाहेरून काट्याची फेस ठेवा, कारण अडुळशाला काटे नसतात. शेळी खाणार नाही, पण ढोर तुडवील. रानडुकराला मात्र हे कुंपण अडवत नाही, तेवढी आशा ठेवू नका.

सगळ्यात महत्त्वाचं छाटणीचं. दिवाळीनंतर कामं उरकली की लोक कुंपण साफ करतात आणि अडुळसाही छाटतात. तिथेच फुलोरा जातो. वर्षभर वाढवलं आणि माशीच्या तोंडचा घास काढून घेतला, असं होतं. छाटणी फुलं संपल्यावर, वैशाखात करा. छाटलेला पाला खताच्या खड्ड्यात टाका, चांगलं खत होतं.

फुलोऱ्यात फवारणीही जपून करा. शेजारच्या पिकावर कीड नुकसानीच्या पातळीला गेली असेल तरच औषध मारा. तेही संध्याकाळी, माश्या परतल्यावर. वाऱ्याने फवारा बांधावर जाऊ देऊ नका.

अडुळशाचा पाला खोकल्यावर वापरतात हे तुम्ही जाणता. पण डॉक्टर किंवा वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि गरोदर बाईला तर देऊच नका. पाला औषधासाठी विकला जातो, हेही खरं. पण गिऱ्हाईक ठरल्याशिवाय त्याच्या भरवशावर आख्खं शेत अडुळशाखाली घालू नका. त्याची जागा बांधावर.

थोडक्यात ध्यानात ठेवा:
१. काड्या माघ-फाल्गुनात, कापल्या त्याच दिवशी पिशवीत.
२. रोपं मृगाच्या ओलीवर, दीड फुटावर, बांधाच्या खांद्यावर.
३. पहिला उन्हाळा पाणी, दोन वर्षं काट्याची फेस.
४. छाटणी वैशाखात, फुलोऱ्याआधी कधीच नाही.
५. फुलोऱ्यात फवारणी गरज असेल तरच, तीही संध्याकाळी.

यंदा निदान एका बांधावर करून बघा. आणखी दोन वर्षांनी माघात सकाळी त्या बांधावर थोडा वेळ उभे राहा. माशी फिरताना दिसली, तर आजचं बोलणं कामी आलं असं समजा.

रामराम!