वाकडे स्टिअरिंग काय सांगते?

गाडी सरळ रस्त्यावर सरळ चालली आहे, पण हातातले स्टिअरिंग मात्र एका बाजूला कललेले आहे, असा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना आला असेल. उसाच्या ट्रॉल्या आणि सळईचे ट्रक सोसणारे आपल्या जालना जिल्ह्यातले रस्ते तुम्हाला माहीतच आहेत. एखाद्या खड्ड्यात चाक आदळते आणि त्यानंतर स्टिअरिंग वाकडे राहू लागते. आपण म्हणतो, गाडी चालते आहे ना, मग चालू द्या.

मोटार मेकॅनिकचे काम शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. दोन वर्षांपूर्वी अंबड तालुक्यातले एक मोसंबी बागायतदार गाडी घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, ''सर, मागच्या महिन्यातच स्टिअरिंग सरळ करून घेतलं होतं. आता पुन्हा वाकडं झालंय.'' विचारले तेव्हा कळले की, एका मिस्त्रीने मधला नट खोलून स्टिअरिंग काढले आणि फिरवून सरळ बसवून दिले होते. म्हणजे ताप उतरवायचा सोडून थर्मामीटरच बदलला!

आम्ही पुढचा भाग जॅकवर घेतला. डावे चाक दोन्ही बाजूंनी, घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवले, तर खडखड ऐकू आली. टायरॉडच्या टोकाचा सांधा झिजला होता. त्यावरचे रबर फाटून आत माती गेली होती. टायरही आतल्या कडेने घासला होता. दुसऱ्या दिवशी त्यांना समृद्धी महामार्गाने मुलीला नागपूरला कॉलेजात सोडायचे होते. ''जाऊन येतो, मग काम करू,'' असे ते म्हणाले. मी म्हणालो, ''दादा, गाडी इथंच ठेवा. लेकीला एसटीनं घेऊन जा.'' थोडे नाराज झाले, पण त्यांनी ऐकले.

आता हे घडते कसे, ते पाहू. स्टिअरिंगपासून निघालेली हालचाल दोन्ही बाजूंच्या टायरॉडमार्फत पुढच्या चाकांपर्यंत पोहोचते. धक्क्याने एक टायरॉड वाकला, सांधा झिजला किंवा चेकनट सैल झाला, की त्या चाकाची दिशा किंचित बदलते. गाडी चालू लागल्यावर दोन्ही चाके आपसात तो फरक वाटून घेतात. गाडी सरळ जाते, पण स्टिअरिंग कलते. कधी मागच्या चाकांची दिशा बिघडल्यानेही असेच होते.

तपासणी घरूनच सुरू करा. टायर थंड असताना चारही चाकांतली हवा कंपनीने दिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. मग मोकळ्या, सपाट रस्त्यावर कमी वेगात गाडी चालवून पाहा. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात, त्यामुळे गाडी थोडी डावीकडे ओढली तर लगेच तो दोष समजू नका. स्टिअरिंग कलणे, गाडी एका बाजूला ओढणे आणि स्टिअरिंग थरथरणे ही तीन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात बहुधा अलाइनमेंट बिघडलेले असते. दुसऱ्यात हवा, टायर किंवा चिकटलेला ब्रेक कारण असू शकतो. तिसऱ्यात आधी चाकांचे बॅलन्सिंग पाहतात. टायरवरून आडवा हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागला, तर चाकाची दिशा चुकली आहे असे समजा.

गॅरेजमध्ये क्रम महत्त्वाचा. आधी झिजलेले भाग बदलायचे, मग अलाइनमेंट. सैल सांध्यावर केलेले अलाइनमेंट टिकत नाही. मोजमाप चारही चाकांचे करून घ्या. स्टिअरिंग सरळ धरून लॉक करायचे आणि मग दोन्ही टायरॉड योग्य मापाला आणायचे, ही रीत. काम झाल्यावर आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला कागद मागून घ्या आणि स्वतः गाडी चालवून पाहा. एअरबॅग असलेल्या गाडीचे स्टिअरिंग तर रस्त्याकडेला कधीच खोलू देऊ नका. एअरबॅग अचानक उघडून इजा होऊ शकते. काही नव्या गाड्यांत स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर असतो. तो पुन्हा शून्यावर आणावा लागतो.

गावच्या रस्त्यावर ताशी चाळीसच्या वेगात झिजलेला सांधा कदाचित निभावून नेईल. पण डिसेंबर 2022 पासून समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून सुरू झाला आहे. तिथे मोटारींना ताशी 120 किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. त्या वेगात गाडी एका सेकंदात 33 मीटर पुढे जाते. तेवढ्यात सांधा निसटला, तर स्टिअरिंग हातात असूनही गाडी हातात राहत नाही.

ते बागायतदार चार दिवसांनी गाडी न्यायला आले. मी जुना सांधा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो बोटाने हलवून पाहिला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ''हा मी घरी नेतो. पोरीला दाखवतो.''