न दुखणारा चट्टा

सांसर्गिक रोग शोधण्याचे काम प्रयोगशाळेचे, असा आपला समज असतो. आमच्या रायपूरच्या बाजूस कुष्ठरोग शोधते ती बहुधा परिचारिका. भारताने २००५ अखेर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले. छत्तीसगड मात्र तेव्हा मागेच राहिले. कारण या रोगाचा चट्टा दुखत नाही, खाजत नाही. रोगी आपण होऊन दवाखान्यात येणार कशाला? बाळाला टोचून घ्यायला आलेल्या आईच्या दंडावर नर्सबाईंना फिकट डाग दिसतो. आईला डोळे मिटायला सांगून त्या डागावर कापसाचे टोक टेकवतात आणि विचारतात, “बाई, कुठं लागलं, दाखवा.” बोट जागेवर गेले नाही, की संशय बळावतो. मग डॉक्टरांची तपासणी, घरातल्या इतरांची तपासणी आणि सहा किंवा बारा महिन्यांचे मोफत औषध. औषध सुरू होताच संसर्ग लवकरच थांबतो. बधिर होऊन गेलेली बोटे मात्र बहुधा परत मिळत नाहीत. २००२ पासून गावोगावची ‘मितानिन’ही संशयित रोगी पुढे आणते. मितान म्हणजे छत्तीसगडीत जिवलग मित्र. मी सरकारी नोकर, कागदाचे मोल जाणतो. तरीही म्हणतो, नर्सबाईंच्या नोंदवहीतले चार रकाने कमी करावेत आणि तो वेळ त्यांना दंड पाहण्यासाठी द्यावा.